डांगराला मोजे

कोल्हारच्या दानीएल उजागरेने एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या गव्हाणीवर काढली. उसाच्या मोळ्या जिथे पडतात आणि तिथून आत ओढल्या जातात, ती गव्हाण. तिथे माणूस एकच गोष्ट पक्की शिकतो, की काम किती झालं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. निवृत्त झाल्यावर दानीएलने हीच शिस्त घरामागच्या दोन गुंठ्यांना लावली. परसाला काय होतंय ते कळायच्या आत त्याची ड्युटी सुरू झाली होती.

सकाळी सहाला तो खुरपं घेऊन बाहेर. किती वाफे खुरपले, किती घमेली शेणखत टाकलं, किती बादल्या पाणी घातलं, सगळं तोंडपाठ. कुणी भाजीचं कौतुक केलं की तो भाजीबद्दल बोलत नसे, घमेल्यांबद्दल बोले. "ही मेथी हाय ना, ही बावीस घमेल्यांची मेथी हाय." बायको दीना गेली तीस वर्षं त्याच परसात काहीबाही लावत आली होती, काही न मोजता. ती भांडत नसे. एवढंच म्हणे, "तुम्ही घरी बसायच्या आधी वांगी हजेरी न लावताच यायची."

हे सगळं ठीक चाललं होतं. घोटाळा चर्चमध्ये झाला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी गावच्या चर्चमध्ये हंगामाची उपकारस्तुती असते. ज्याच्या रानात, परसात जे पिकलं त्यातलं पहिलं आणि चांगलं वेदीपुढे आणून ठेवायचं. कुणी ऊस आणतं, कुणी मक्याची कणसं, पेरू, अंडी, एखादा पाय बांधलेला कोंबडा. गेल्या वर्षी जोसेफ मास्तरांनी सफरचंदं आणली. प्रत्येक सफरचंदावर छोटं गोल स्टिकर. कोल्हारात सफरचंद पिकत नाही हे अर्ध्या गावाला भूगोलाच्या तासाला मास्तरांनीच शिकवलेलं.

दानीएल चर्चच्या पंच कमिटीत होता. तो उभा राहिला. "बाजारातून आणून वेदीवर ठेवायचं, ह्याला पहिलं पीक म्हणत न्हाईत."

मास्तर शांतपणे म्हणाले, "उजागरे, तुम्ही काय आणलंत?"

"मेथी."

"किती घमेल्यांची?"

सगळी मंडळी हसली. दीनाही हसली, तोंडाला पदर लावून. दानीएलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "फुडच्या वर्षी डांगर आणीन," तो म्हणाला. "माझ्या परसातलं. दोघांनी उचलावं लागंल एवढं. न्हाई आणलं, तर वर्षभर दर शनिवारी ह्या आवाराची झाडलोट मी एकटा करीन."

मास्तरांनी खिशातून डायरी काढून तारीख टाकली. "आणि देखरेख मी करीन," ते म्हणाले.

पाळकसाहेब एडविन यांना उपासना आटपायची होती. ते म्हणाले, "आमेन." झालं, शिक्का बसला.

झाडायला दानीएल भीत नव्हता. झाडूने त्याचं काय वाकडं होणार! पण आपण झाडतोय आणि जोसेफ मास्तर पायरीवर खुर्ची टाकून 'तो कोपरा राहिला' म्हणतायत, हे चित्र त्याला जेवताना दिसे, दात घासताना दिसे. एकतीस वर्षांत त्याच्या कामात कुणी खोट काढली नव्हती.

म्हणून वैशाखात, गाव पंख्याखाली लोळत असताना, त्याने डांगरासाठी, म्हणजे लाल भोपळ्यासाठी, खड्डा घेतला. दीड हात खोल, दोन हात रुंद. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्याला एक बाजू तिरकी वाटली, म्हणून तो बुजवून पुन्हा खणला.

"वेलाला काटकोन लागतो का हो?" दीनाने विचारलं.

"पाया नीट पायजे."

"डांगर लावताय का टाकी बांधताय?"

खड्ड्यात त्याने अठ्ठावीस घमेली कुजलेलं शेणखत, चार घमेली राख आणि वरून चाळलेली माती घातली. बी मात्र घरचं चालेना. डोंगराकडचं डांगर मोठं होतं असं कुणीतरी सांगितलेलं, तर हा संगमनेरला एसटी बदलून राजूरच्या बाजाराला गेला. तिथे पोत्यावर बियांच्या पुरचुंड्या मांडून एक म्हातारी बसली होती. तिने सात बिया मोजून दिल्या आणि वर एक सूचना दिली.

"कवळं असताना कुनाला बोट दाखवू दिऊ नको बाबा. डांगर लाजाळू असतंय. बोट दाखवलं की सडतंय."

"आमी ख्रिस्ती हाओत मावशी. असलं काय मानत न्हाई."

"तुमी नका मानू," म्हातारी म्हणाली. "डांगर मानतंय."

दानीएल हसला आणि एसटीत बसला. लोणीपर्यंत तो हसत होता. कोल्हार आलं तेव्हा हसत नव्हता.

जूनमध्ये त्याने बी टोकलं. सातातल्या पाच बिया उगवल्या, त्यातल्या चार उपटून त्याने एकच जोमदार रोप ठेवलं. जुलैभर एक दिवसाआड आळ्यातलं गवत काढलं. वेल आधी हातभर, मग पुरुषभर, मग आवरेना. श्रावणात तो शेजारच्या भिंतीकडे धावला. दानीएलने दोनदा त्याचं टोक धरून परत आपल्या हद्दीत वळवलं, दगड ठेवून दाबलं.

भिंतीपलीकडे भागिरथी वाघमारे. दानीएलपेक्षा तीन वर्षांनी मोठी, तीन शेळ्यांची मालकीण, सारा जन्म लोकांच्या रानात कांदे खुरपण्यात गेलेला. पानाचा रंग बघून कालचं पाणी जास्त झालं का कमी ते ती सांगे. भिंत कमरेएवढी. सकाळचा चहा भिंतीवर ठेवून दानीएलच्या परसाची एखादी खोडी काढल्याशिवाय तिला तो गोड लागत नसे.

भादव्याच्या सुरुवातीला ती अशीच उभी होती. चार दिवस न थांबलेला पाऊस त्या सकाळी उघडला होता. "भाऊ," ती म्हणाली, "धरलं की तुमच्या डांगरानं. त्ये बघा एक. त्ये दुसरं, पानाखाली. आन् त्ये तिसरं." प्रत्येक वेळी बोट सरळ, ताठ, बंदुकीसारखं.

दानीएलने खुरपं खाली टाकलं. "अक्का, ते बोट जरा..."

"काय झालं बोटाला?"

"काय न्हाई."

गेल्या नाताळात दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्या दोन बायकांना पंच म्हणून त्यानेच दहा मिनिटं सुनावलेलं. आणि भागिरथीच्या घरात तर असल्या गोष्टी छप्पन साली बौद्ध होतानाच उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या. तिला 'बोट मुडपून दाखव' म्हणणार कुठल्या तोंडाने?

पाचव्या दिवशी तिन्ही फळं पिवळी पडली. सहाव्या दिवशी गळाली. एक, दोन, तीन, ज्या क्रमाने दाखवली त्याच क्रमाने.

दानीएलने त्या दिवशी जेवताना काही सांगितलं नाही. जेवून उठला, माळ्यावर चढला आणि एक गाठोडं खाली काढलं. कारखान्यात दर वर्षी बुटांबरोबर दोन जोड मोजे मिळत. जाड, खाकी, घोट्यापर्यंत नव्हे, गुडघ्यापर्यंतचे. त्याने निम्मे कधी वापरलेच नव्हते.

डांगराच्या वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. एक नुसत्या दांड्यावरचं. दुसऱ्याच्या बुडाशी लिंबाएवढं इवलंसं डांगर असतं. दानीएलने ठरवलं, हे दुसरं फूल कुणाला दिसताच कामा नये. उमलायच्या आधीच, कळीसकट, त्याने त्यावर मोजा चढवला आणि सुतळीने दोन गाठी मारल्या.

सकाळी भागिरथी चहा घेऊन आली आणि कप तसाच धरून राहिली. वेलावर चार मोजे लोंबत होते.

"भाऊ, डांगराला थंडी वाजती का?"

"फळमाशीचा तरास हाय. औषधापेक्षा हे बरं."

"मग स्वेटर बी घाला एखादं. दिवाळी जवळ आली."

दीनाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकलं. नवरा आत आल्यावर तिने विचारलं, "फळमाशी का?"

"फळमाशी."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. तिला राजूरच्या म्हातारीचं बोलणं माहीत होतं. नवरा झोपेत बडबडतो हे तिने चाळीस वर्षांत त्याला कळू दिलं नव्हतं.

सप्टेंबर गेला. परसात दुसरी कामं थांबत नव्हती. कांद्याचं रोप टाकलं, वालाला मांडव केला, मेथीचे वाफे बांधले, बियाण्याचा दोडका वेलावरून उतरवून वाळवला. आणि रोज सकाळी नवीन कळी शोधून नवीन मोजा. आठवड्याने मोजा सोडावा तर आत काळी पडलेली मऊ गोळी. दानीएलला वाटे, बांधायला उशीर झाला, कुणीतरी आधीच बघितलं. तो आणखी लवकर बांधू लागला. एकोणीस मोजे झाले. मोज्यांचं काम इतकं नेटकं, की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं वेलाला मोज्यांचंच पीक येतं.

एकदा जोसेफ मास्तर फिरायला म्हणून मुद्दाम त्या गल्लीने आले.

"काय म्हणतंय डांगर?"

"वाढतंय."

"दिसत नाही कुठे."

"मोज्यात हाय."

मास्तरांनी वाकून एक मोजा निरखला. मग डायरी काढून काहीतरी लिहिलं. काय ते सांगितलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर एकोणिसावा मोजा सुटला. आत काही नव्हतं. दानीएल रिकामा मोजा हातात घेऊन बराच वेळ आळ्याशी बसला. अठ्ठावीस घमेली खत, एकोणीस मोजे, अडतीस गाठी. कष्टात कुठे कमी पडलं ते त्याला काही केल्या सापडेना.

दोन दिवसांनी शेंगा वाळत घालायला तो गच्चीवर गेला. सहज पलीकडे बघितलं आणि शेंगांचं सूप हातातच राहिलं. भागिरथीच्या शेळ्यांच्या छपरावर, पत्र्यावर ठेवलेल्या दगडांच्या मधोमध, हंड्याएवढं डांगर बसलं होतं. पिवळंजर्द, फाकाफाकांचं, राजासारखं. त्याने डोळ्यांनी वेल मागे मागे आणला. छपरावरून बांबूवर, बांबूवरून खाली, आणि भिंतीच्या बुडाला पाणी जायला ठेवलेल्या भोकातून सरळ त्याच्या आळ्यात. दोनदा मागे वळवलेला वेल तिसऱ्यांदा भुयारातून गेला होता.

"बूड माझं," दानीएल स्वतःशी म्हणाला. "म्हणजे डांगर माझं."

मग त्याला गावचा रिवाज आठवला. भिंतीपल्याड पडलेलं फळ भिंतीपल्याडच्याचं. ह्याच रिवाजाने गेली पंधरा वर्षं तो भागिरथीच्या शेवग्याच्या शेंगा तोडत आला होता.

मागावं तर ती कारण विचारणार. कारण सांगावं तर मोज्यांवर येणार. उपकारस्तुतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, भागिरथी संगमनेरला भाचीकडे गेली आणि दीना चर्च सजवायला गेली. दानीएलने शिडी उचलली.

चढणं सोपं झालं. डांगराचा देठ त्याने वीतभर राखून कापला, घाई असली तरी काम काम असतं. मग डांगर मांडीवर घेतलं आणि उतरायचं कसं ह्याचा विचार सुरू केला. तेवढ्यात खाली काळ्या शेळीला अंग खाजवावंसं वाटलं. तिने शिडी निवडली. शिडी आवाज न करता आडवी झाली.

त्रेसष्टाव्या वर्षी सात फुटांवरून उडी मारावी, तर गुडघे नको म्हणत होते. डांगर खाली टाकावं, तर सगळंच संपलं. दानीएल बसला. पत्रा तापलेला. डांगर या मांडीवरून त्या मांडीवर घेत त्याने दोन तास काढले.

भागिरथी चारला आली. तिने वर बघितलं, शिडीकडे बघितलं, शेळीकडे बघितलं. आरडाओरडा केला नाही. आत जाऊन चहा केला, पाट आणून अंगणात टाकला आणि बसली.

"भाऊ, वर कसं काय?"

"पत्रा बघत हुतो. तुमचा एक खिळा ढिला हाय."

"आन् मांडीवर काय हाय?"

"डांगर."

"त्याला बी खिळा दाखवायला नेलंय व्हय?"

दानीएलने डांगर दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"शिडी लावते," ती म्हणाली. "आधी एक सांगा. मोजे कशापायी घातले व्हते?"

"फळमाशी."

भागिरथीने चहाचा घोट घेतला. "माजा चहा आजून अर्धा हाय. सावकाश सांगा."

दानीएलने आभाळाकडे बघितलं. मग डांगराकडे. मग एकदम म्हणाला, "तुमी बोट दाखवत हुता, अक्का! सरळ! तिन्हीला दाखवलं, तिन्ही सडली!"

भागिरथी इतकी हसली की चहा पाटावर सांडला. शेळ्या दावं ओढून लांब सरकल्या. "आगं बया! पंच! चर्चचे पंच!" तिने पदराने डोळे पुसले. "व्हय, दाखवलं बोट. आन् मांडीवर घेऊन बसलाय ना, त्याला तर रोज दाखवत हुते. शेळ्यांना सांगायची, बघा गं बायांनो, उजागऱ्यांचं डांगर आपल्याकडं मुक्कामाला आलंय."

"मग हे कसं न्हाई सडलं?"

"कारण ह्याला मोजा न्हवता! आवो, नराच्या फुलावरचा भुंगा मादीच्या फुलावर बसला तर फळ धरनार. तुमी कळीलाच मोजा बांधला. भुंगा शिरनार कुठनं? दाराला कुलूप लावायचं आन् पाव्हणं आलं न्हाई म्हनून रडायचं."

"आन् ती पहिली तीन?"

"चार दिस पाऊस हुता. पावसात भुंगा फिरतो व्हय? माज्या दुधीची बी गेली तवा."

घमेल्यांचा, गाठींचा, बादल्यांचा सगळा हिशेब दानीएलकडे होता. भुंग्याचं काम त्यात कधी धरलंच नव्हतं.

"लावा शिडी," तो शेवटी म्हणाला.

शिडी लावताना भागिरथीने खालून बजावलं, "न्या डांगर, माजं काय जात न्हाई. पर देवाफुडं आपल्या परसातलं म्हनून ठिवू नका. माज्या शेळ्यांनी तीन महिने राखलंय."

रविवारी दानीएल आणि भागिरथी दोघांनी पोत्याची झोळी करून डांगर चर्चमध्ये आणलं. सतरा किलो भरलं होतं. दानीएलने एकट्याने उचललं असतं, पण दोघांनी म्हणजे दोघांनी. ते वेदीपुढे ठेवलं तेव्हा मागच्या बाकांवरचे लोक उठून उभे राहिले. जोसेफ मास्तर पुढे आले. ह्या वर्षी त्यांनी स्वतःच्या कुंडीतली चार गुलाबाची फुलं आणली होती.

"उजागरे, मानलं," ते म्हणाले. "परसातलंच ना?"

'हो' म्हटलं की वर्ष सुटत होतं. एकच अक्षर. दानीएलने तोंड उघडलं, आणि त्याला गेल्या वर्षीची स्टिकरं दिसली.

"बूड माझ्या परसात," तो म्हणाला. "डांगर अक्कांच्या छपरावर धरलं. माझ्याकडची एकोणीस मी मारली, मोजे घालून. फळमाशी न्हवती. बोटाला भ्यालो."

लिंबू-मिरचीवाल्या दोघी बायका पहिल्यांदा हसल्या, आणि चर्चचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

मास्तरांनी डायरी उघडली. "अट होती, माझ्या परसातलं. मोडली. वर्षभर."

"थांबा मास्तर." दानीएलने खिशातून टेप काढला. "सकाळी वेल मापला. एकूण एकतीस फूट. बावीस माझ्या हद्दीत, नऊ अक्कांच्या. मोडली तर एकतिसातल्या नवापुरती मोडली. वर्षाचे बारा महिने. गणित तुमीच शिकवलंय लोकांना, करा."

मास्तर गणित टाळू शकले नाहीत. तिथेच बाकावर बसून केलं. साडेतीन महिने आले. त्यांनी दोनदा तपासलं, साडेतीनच.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

डिसेंबरपासून दर शनिवारी दानीएल झाडू घेऊन हजर. मास्तर पायरीवर खुर्ची टाकून हजर. पहिले दोन महिने मास्तरांना 'तो कोपरा राहिला' म्हणायची एकदाही संधी मिळाली नाही. ते नुसतेच गारठले. फेब्रुवारीत आवारातले तीन मोठे कडुलिंब गळायला लागले. एका रात्रीत घोटाभर पाला. मास्तरांचा चेहरा खुलला. आता माणूस थकणार. पण दानीएल थकेना. पाला गोळा करी, पोत्यांत दाबून भरी, सायकलला लावून घेऊन जाई. शनिवारी दोन पोती, मग तीन, मग चार. मास्तरांना वाटलं, बिचारा लांब नेऊन टाकतोय.

मार्चच्या पंधरा तारखेला त्यांनी डायरी मिटली. "सुटलात, उजागरे."

"अजून गळ चालू हाय, मास्तर. असा अर्ध्यावर सोडून जायचं म्हणजे बरं दिसत न्हाई. महिनाभर येतो की."

आपल्या जन्मात कुणी शिक्षा वाढवून मागितलेली मास्तरांनी बघितली नव्हती. ते तडक भागिरथीच्या अंगणात गेले. तिने काही लपवलं नाही. दानीएलच्या परसात नवीन खड्ड्यात पाला छातीएवढा रचलेला होता आणि वर शेणाचं पाणी शिंपलेलं. तिसरा वाटा भागिरथीचा, डांगराचं भाडं म्हणून.

"आता ह्यो लिंबाचा पाला कुजला की मुळं खानारी हुमणी बी लागत न्हाई, असं भाऊ म्हनत्यात," ती म्हणाली. "तुमच्या गुलाबाला बी चांगला, मास्तर."

पुढच्या शनिवारी दानीएल सहाला चर्चच्या आवारात पोचला, तर मास्तर आधीच तिथे. हातात नवाकोरा खराटा, शेजारी दोन पोती.

"तुमची मुदत संपली," ते म्हणाले.

"आवार देवाचं हाय."

"पाला पण."

मग एकजण फाटकाकडून आणि एकजण घंटेकडून झाडत निघाला. साडेसातला पाळकसाहेब दार उघडायला आले, तेव्हा आवारात काडी शिल्लक नव्हती. दोघे मधोमध उभे होते, आपापल्या पोत्याचं तोंड उघडं धरून, वर झाडाकडे बघत.